अंगणवाडीला जोडून पाळणाघर: ‘पाळणा’ योजनेचा निधी मागण्याची आणि टिकवण्याची रीत

गावात अंगणवाडी असताना वेगळे पाळणाघर कशाला हवे, हा प्रश्न मला आजवर सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि क्वचित अंगणवाडी सेविकांनीही विचारला आहे. पाळणाघरासाठी सरकारी निधी मागायचा असेल तर प्रस्तावाची सुरुवात याच प्रश्नाच्या उत्तराने करावी, असे माझे अनुभवाने मत झाले आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले दिवसातले काही तास येतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांसाठी तिथून घरपोच आहाराची पाकिटे जातात, मूल मात्र घरीच राहते. आणि आई सकाळी सातला खुरपणीला गेलेली असताना ते पाकीट फोडून, शिजवून, मुलाला भरवणारे माणूस घरात असतेच असे नाही. म्हणजे ज्या वयात कुपोषणाचा धोका सर्वांत मोठा, नेमक्या त्याच वयात मूल दिवसभर कोणाच्याच नजरेखाली नसते. ही पोकळी पाळणाघराने भरायची आहे.

मी गेली काही वर्षे शेतमजूर महिलांच्या बचत गटांबरोबर काम करते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ), बचत गट, ग्रामपंचायत सदस्य आणि स्वतः आया यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, आणि कार्यालयांची नावे महाराष्ट्रातली आहेत. शहरातल्या वस्त्यांनाही वाट हीच आहे. तिथे ग्रामसभेऐवजी नगरसेवक किंवा प्रभाग कार्यालय आणि ग्रामीण प्रकल्पाऐवजी नागरी बाल विकास प्रकल्प येतो, एवढाच फरक.

निधी नेमका कोणाचा

केंद्र सरकार काम करणाऱ्या आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांना १९७५ पासून मदत देत आले आहे. १ जानेवारी २००६ पासून ही मदत राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने मिळू लागली, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून राज्य सरकारांमार्फत राबवली जाऊ लागली. त्या काळात खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, तीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेचा असे. संस्थेला हे दहा टक्के उभे करणेसुद्धा अनेकदा जड जाई. १ एप्रिल २०२२ पासून महिलांसाठीच्या योजना एकत्र आणणारे केंद्राचे ‘मिशन शक्ती’ लागू झाले आणि त्यातील ‘सामर्थ्य’ या भागात जुन्या योजनेला ‘पाळणा’ हे नाव मिळाले. आता केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. ईशान्येकडील आणि विशेष दर्जाच्या राज्यांसाठी तो ९०:१० आहे.

या बदलात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे स्वतंत्र पाळणाघरांबरोबरच चालू अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू करण्याचा मार्ग खुला झाला. त्याला ‘अंगणवाडी-सह-पाळणाघर’ म्हणतात, आणि देशभरात अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आई नोकरी करते की मजुरी, की तिच्या कामाला कोणी कामच म्हणत नाही, याचा विचार न करता सर्व मातांच्या सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही सोय आहे. त्यामुळे मालकाचे पत्र किंवा पगाराची पावती आणण्याची अट कोणी घातली, तर ती योजनेतली आहे का, हे शांतपणे पण लेखी विचारावे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हे अनुदान पालकांच्या बँक खात्यावर येत नाही. ते पाळणाघराच्या केंद्राला मिळते: माणसांच्या मानधनासाठी, आहारासाठी, साहित्यासाठी. म्हणून ‘पाळणा योजनेचा फॉर्म भरून द्या, खात्यावर पैसे येतील’ असे सांगून कोणी शंभर-दोनशे रुपये मागत असेल, तर त्याला काहीही देऊ नये. आईच्या हातात दोनच मार्ग आहेत. जवळ केंद्र असेल तर मुलाचे नाव घालणे, आणि नसेल तर ते मागणे.

मंजुरीची मुदत हाही एक मुद्दा आहे. मिशन शक्तीला मंजुरी पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीसाठी, म्हणजे २०२५-२६ अखेरपर्यंत देण्यात आली होती. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प कार्यालयातून चालू आर्थिक वर्षाची मार्गदर्शक सूचना आणि राज्याचा शासन निर्णय यांची प्रत मागून घ्यावी. जुन्या परिपत्रकाचा संदर्भ दिलेला प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत येतो.

आधी मोजणी, मग मागणी

बहुतेक प्रस्ताव इथेच कच्चे राहतात, म्हणून या टप्प्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

‘आमच्या गावात पाळणाघराची नितांत गरज आहे’ या वाक्याला सरकारी कागदावर काहीही वजन नसते. वजन असते ते ‘वॉर्ड क्रमांक दोन व तीनमध्ये सहा महिने ते तीन वर्षे वयाची एकोणीस मुले असून त्यांपैकी चौदा मुलांच्या माता वर्षातून किमान आठ महिने मजुरीस जातात’ या वाक्याला. हे दुसरे वाक्य लिहिता यावे म्हणून शंभर पानी वही घ्यावी आणि घरोघर फिरावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्मतारीख, आईचे काम, ती घरातून निघते ती वेळ, परत येते ती वेळ, कामाचे महिने, आणि या वेळात मूल कोणाजवळ असते, एवढे लिहावे. यातला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे.

आमच्या पहिल्या मोजणीत तो रकाना नव्हता. दुसऱ्या वेळी मी सकाळी सात वाजता चौकात, मजूर महिलांचा टेम्पो भरतो तिथे जाऊन उभी राहिले. अकरा महिन्यांचे एक मूल कडेवर घेऊन साधारण नऊ वर्षांची मुलगी आईला सोडायला आली होती. टेम्पो हलला, मूल रडू लागले, आणि ती मुलगी सवयीने त्याला दुसऱ्या कडेवर घेत घराकडे वळली. तिच्या अंगात शाळेचा गणवेश होता. शाळेत ती गेली का, हे मी दुपारी मुख्याध्यापकांना विचारले. हजेरीपटावर त्या महिन्यात तिच्या नावापुढे निम्म्याहून अधिक दिवस गैरहजेरी होती. त्या दिवसापासून आम्ही तिसरी ते सातवीच्या वर्गांतील, घरी लहान भावंड असलेल्या मुलींच्या गैरहजेरीचे दिवस मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी प्रस्तावाला जोडू लागलो. पाळणाघरामुळे एका मुलाची नाही, दोन मुलांची सोय होते, हे दाखवणारा याहून सबळ कागद मला अजून सापडलेला नाही.

ही जाणीव नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मोठी मुले भावंडे सांभाळण्यात अडकतात म्हणून शाळेला मुकतात, हे ओळखून तिथे विकासवाडीच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. ज्यांना प्रस्तावाच्या प्रस्तावनेत चार ओळी लिहायच्या असतील, त्यांनी हा दाखला जरूर द्यावा. तो आपल्याच मातीतला आहे.

मोजणीसाठी अंगणवाडी सेविकेला आणि आशा ताईंना बरोबर घ्यावे. सेविकेकडे सर्वेक्षणाची नोंद असते, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर मुलांची वजने असतात, आणि तीव्र किंवा मध्यम कुपोषित श्रेणीतील मुलांची संख्या तिच्याकडूनच अधिकृतपणे मिळते. पण याला आणखी एक कारण आहे. पाळणाघर म्हणजे आपल्या डोक्यावर आणखी एक बोजा, अशी धास्ती सेविकेला वाटत असते, आणि ती अगदीच अनाठायी नसते. तिला अंधारात ठेवून केलेला प्रस्ताव चालत नाही, चालू नये. तिच्यासाठी या योजनेत वेगळी माणसे आणि वेगळी रक्कम आहे, हे तिला पहिल्याच भेटीत सांगावे. त्याचा तपशील पुढे दिला आहे.

तास, खोली आणि पाणी

एका केंद्रात पंचवीस मुलांची सोय धरलेली असते, आणि केंद्र महिन्यातून सव्वीस दिवस, रोज साडेसात तास चालावे अशी अपेक्षा असते. आता वहीतल्या वेळा पाहाव्यात. साडेसातला निघून साडेपाचला परतणाऱ्या बाईचा दिवस दहा तासांचा आहे. साडेसात तास त्याला पुरत नाहीत, आणि केंद्र सकाळी दहाला उघडणार असेल तर तिच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच आहे. माझ्या पाहण्यातली पाळणाघरे ओस पडली ती निधी संपला म्हणून कमी, आणि वेळ चुकीची ठरली म्हणून जास्त.

म्हणून केंद्राच्या वेळा स्थानिक कामाच्या वेळांप्रमाणे ठेवाव्यात, ही विनंती प्रस्तावातच करावी आणि तिला वहीचा आधार द्यावा. उरलेले दोन-अडीच तास कोण सांभाळणार, हेही तेव्हाच ठरवावे. काही ठिकाणी सकाळचा तास पाळणा मदतनीस आणि संध्याकाळचा तास पाळणा सेविका अशी आलटून पालटून वाटणी करता येते; काही ठिकाणी ग्रामपंचायत स्वनिधीतून एका बाईला थोडे मानधन देते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ही रक्कम दरवर्षी कशावर खर्च होते, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे, आणि पाळणाघराच्या वाढीव तासांसाठी ती वापरणे याहून सरळ उपयोग मला तरी दिसत नाही.

खोलीबाबत जुन्या योजनेपासून चालत आलेला निकष दर मुलामागे सहा ते आठ चौरस फूट असा आहे. आठने धरले तर पंचवीस मुलांना दोनशे चौरस फूट लागतात, म्हणजे दहा बाय वीसची खोली. टेपने मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप लिहून मोकळे होऊ नये. कपाट, धान्याच्या कोठ्या आणि गॅसची शेगडी यांनी अडवलेली जागा वजा करावी, कारण मुलांना झोपवायला उरते तीच खरी जागा. स्वयंपाक मुलांच्या खोलीत होता कामा नये. निदान मधे आडभिंत आणि लावता येणारे दार हवे. पिण्याचे पाणी, वीज आणि पंखा, लहान मुलांना बसता येईल असे शौचालय, आणि कुंपणाला कडी, या चार गोष्टी आहेत की नाहीत हे प्रामाणिकपणे लिहावे. जे नाही ते लपवू नये. शौचालय नाही असे लिहून ‘ग्रामपंचायत अमुक तारखेपर्यंत बांधून देईल’ असा ठराव जोडलेला प्रस्ताव पुढे सरकतो, आणि आहे म्हणून लिहिलेले शौचालय तपासणीत सापडले नाही, तर ते गाव पुढच्या वर्षीही मागे राहते.

ठराव आणि त्याची भाषा

ग्रामसभेचा ठराव हा प्रस्तावाचा कणा आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेतली जाते; मागणी आधी तिथे मंजूर करून घ्यावी, म्हणजे ग्रामसभेत ती एकट्यादुकट्या बाईची राहत नाही. वर्षातल्या ठरलेल्या सभांपैकी २ ऑक्टोबरची सभा या कामाला सर्वांत सोयीची पडते, कारण ग्रामपंचायतीच्या पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची जुळवाजुळव तेव्हापासून सुरू होते आणि जिल्ह्याचा नियोजन आराखडाही त्यानंतरच्या महिन्यांत आकार घेतो. मे महिन्यात केलेला ठराव चुकीचा नसतो, पण त्याला बहुधा वर्षभर वाट पाहावी लागते.

आमचा पहिला प्रस्ताव दोन महिन्यांनी परत आला होता. ज्या कार्यालयातून तो आला तिथल्या लिपिकाने कागदाला लावलेल्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते: ‘ठरावात लाभार्थी संख्या व जागेचा तपशील नाही.’ मला त्या वेळी फार वाईट वाटले, कारण संख्या आणि माप दोन्ही सोबतच्या कागदांत होते. पण ठरावात नव्हते, आणि ठरावात नसलेली गोष्ट गावाने मान्य केली आहे असे धरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हापासून ठरावाचा मजकूर मी आधी लिहून नेते. त्यात मुलांची संख्या वयोगटानुसार असते, अंगणवाडीचा क्रमांक असतो, खोलीचे माप आणि मालकी असते, पाणी व वीजबिलाची जबाबदारी ग्रामपंचायत घेत असल्याचे वाक्य असते, आणि केंद्राच्या प्रस्तावित वेळा असतात. सूचक व अनुमोदक यांपैकी एकजण तरी लहान मुलाची आई असावी, असा माझा आग्रह असतो. ठरावाची नक्कल घेताना ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि ग्रामसेवकाची सही-शिक्का तिथेच उभे राहून तपासावे.

कागद कोणत्या टेबलांवरून जातो

प्रस्ताव प्रथम तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा. देण्याआधी तो बीटच्या, म्हणजे आसपासच्या काही अंगणवाड्यांच्या गटाच्या, मुख्यसेविकेला दाखवावा, कारण जागेची पाहणी करून अभिप्राय तीच लिहिणार असते. तिथून तो जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकास विभागातील उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जातो, मग नवी मुंबईच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजना आयुक्तालयाकडे, आणि राज्याच्या एकत्रित मागणीतून शेवटी केंद्राच्या मंजुरीसाठी. एकट्या गावाचा कागद दिल्लीला जात नाही. तो जिल्ह्याच्या यादीत बसतो, आणि ती यादी राज्याच्या वार्षिक आराखड्यात बसते. म्हणून आपली खरी लढाई जिल्ह्याच्या यादीत येण्याची आहे.

दोन प्रती न्याव्यात. एक देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ‘साहेब आले की देते’ असे उत्तर मिळाले, तरी पोच घेतल्याशिवाय उठू नये. यात उद्धटपणा नाही. कागद हरवला तर त्या लिपिकाचाही बचाव याच पोचेने होतो. महिन्याभराने प्रस्ताव जिल्ह्याला गेला का, हे विचारून जावक क्रमांक लिहून घ्यावा. तीन-चार महिने काहीच कळले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा आणि प्रश्न एकच ठेवावा: अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी. कायद्याने उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ‘उशीर का झाला’ असा प्रश्न विचारू नये. त्याला सरळ उत्तर मिळत नाही, टिपणीच्या प्रतीत मात्र ते लिहिलेले असते.

पैशांचा हिशेब, गावाला समजेल असा

अंगणवाडी-सह-पाळणाघरात अंगणवाडीची सेविका आणि मदतनीस यांच्याशिवाय एक पाळणा सेविका आणि एक पाळणा मदतनीस नेमायची असते. योजनेत पाळणा सेविकेला दरमहा ५,५०० रुपये आणि पाळणा मदतनिसाला ३,००० रुपये मानधन धरले आहे. शिवाय वाढलेल्या कामासाठी अंगणवाडी सेविकेला १,५०० आणि अंगणवाडी मदतनिसाला ७५० रुपये जादा भत्ता आहे. चौघींची बेरीज महिन्याला १०,७५० आणि वर्षाला १,२९,००० रुपये होते; ६०:४० या वाट्याने त्यात केंद्राचे ७७,४०० आणि राज्याचे ५१,६०० रुपये येतात. हे आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहावेत. आपण हात पसरत नसून अर्थसंकल्पात ठेवलेली रक्कम आपल्या गावापर्यंत आणत आहोत, हे तेव्हा लोकांना उमजते.

हे मानधन फार अपुरे आहे, असे मला स्पष्टपणे लिहायचे आहे. पंचवीस लहान मुलांना साडेसात तास सांभाळणाऱ्या बाईला महिना साडेपाच हजार ही रक्कम तिच्या कामाची किंमत सांगत नाही. म्हणूनच निवड करताना फक्त शिक्षणाची अट पाहू नये. पाळणा सेविकेसाठी बारावी आणि पाळणा मदतनिसासाठी दहावी ही पात्रता जुन्या योजनेपासून चालत आली आहे. भरतीच्या जाहिरातीत ती पाहून घ्यावी. पण त्याच वस्तीत राहणारी, स्वतः मुले वाढवलेली, आणि सकाळी सातला दार उघडू शकणारी बाई टिकते. दुसऱ्या गावाहून एसटीने येणारी कितीही शिकलेली असली, तरी पहिली गाडी चुकली की त्या दिवशी चौदा आया दारात उभ्या राहतात.

शुल्काबद्दलही गावात आधीच बोलावे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या काळात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून दर मुलामागे महिना वीस रुपये, आई-वडिलांचे मिळून बारा हजारांपर्यंत उत्पन्न असल्यास शंभर रुपये, आणि त्याहून अधिक असल्यास दोनशे रुपये घेतले जात. आपल्या केंद्रात आज काय लागू आहे, हे मंजुरीच्या आदेशात पाहावे आणि तो आकडा केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा. आदेशात नसलेली वर्गणी घेऊ नये, आणि आदेशात असलेली घेतली तर पावती द्यावी, मग ती वीस रुपयांची का असेना.

मालक असेल तर वाट वेगळी

आई कारखान्यात, रुग्णालयात, दुकानांच्या साखळीत किंवा कार्यालयात कामाला असेल, तर सरकारी निधीआधी मालकाची जबाबदारी येते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा मिळाली. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पन्नास ही संख्या सर्व कर्मचाऱ्यांची आहे, केवळ महिलांची नाही. हे अनेक मालक विसरतात, काही जाणूनबुजून विसरतात. संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा सरकारच्या वा नगरपालिकेच्या पाळणाघराचा सामायिक उपयोग करण्याचीही सोय आहे. औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांना हा दुवा उपयोगी पडतो, कारण त्यामुळे सरकारी केंद्राला लागून आस्थापनांच्या खर्चाने आणखी एक खोली उभी राहू शकते. शेतमजूर बाईला मात्र असा एक ठरलेला मालक नसतो, आणि म्हणूनच तिच्यासाठी सरकारी निधीला पर्याय नाही.

मंजुरी आल्यावर

मंजुरीचा आदेश आला की गाव पेढे वाटते आणि काम संपले असे समजते. निधी पुढच्या वर्षी येणार की नाही, हे मात्र यानंतरच्या नोंदींवर ठरते. हजेरीपट रोज भरावा, आठवड्याचा एकदम भरू नये. एकाच शाईत, एकाच तिरकस अक्षरात भरलेले सहा दिवस तपासणी करणाऱ्याला लगेच कळतात. मूल आले ती आणि गेले ती वेळ, नेणाऱ्याचे नाव, आणि त्या दिवशी मुलाने काय खाल्ले, हे तीन रकाने मला आवश्यक वाटतात. नेणाऱ्याच्या नावाची नोंद केवळ कागदापुरती नाही, ती मुलाच्या सुरक्षिततेची आहे: आईने आधी लिहून दिलेल्या दोन-तीन माणसांखेरीज कोणाच्याही हाती मूल देऊ नये, मग तो ओळखीचा काका असला तरी.

आहाराची साठा नोंदवही वेगळी ठेवावी. केंद्रात सकाळचा नाश्ता, दुपारचे गरम जेवण आणि संध्याकाळचे खाणे द्यायचे असते, आणि सहा-आठ महिन्यांच्या मुलाला तेच जेवण मऊ करून, थोडे थोडे, हाताने भरवावे लागते. यासाठी वेळ जातो, आणि मदतनीस नेमलेली असते ती याचसाठी. वजन दर महिन्याला, लसीकरण आरोग्यसेविकेच्या यादीप्रमाणे, आणि आजारी मुलाची नोंद त्याच दिवशी. तीन वर्षांखालील मुलांशी बोलणे, गाणी, रंगीत वस्तू हाताळू देणे हाही योजनेतल्या सेवेचाच भाग आहे. मुले झोपवून ठेवणे म्हणजे पाळणाघर नव्हे.

पैशांच्या बाजूने उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत जाणे सर्वांत महत्त्वाचे. आधीच्या हप्त्याचा हिशेब गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि एका तालुक्याचा हिशेब अडला की इतरांचे मानधनही लांबते. प्रत्येक खरेदीचे बिल केंद्राच्या नावाने घ्यावे. दर तीन महिन्यांनी आयांची बैठक बोलावून जमा-खर्च वाचून दाखवावा आणि उपस्थितांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. आमच्याकडे एकदा मानधन चार महिने आले नाही, तेव्हा केंद्र बंद पडले नाही. कारण हिशेब सर्वांसमोर होता, आणि पाळणा सेविकेला ग्रामसंघाने आपल्या निधीतून उचल दिली.

शेवटी हंगामाची नोंद. ऊसतोडीला जाणाऱ्या गावात दिवाळीनंतर मुलांची संख्या निम्म्यावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरते. तपासणी नेमकी जानेवारीत झाली तर केंद्रात नऊ मुले दिसतात आणि ‘लाभार्थी अपुरे’ असा शेरा पडतो. म्हणून स्थलांतरित कुटुंबांची यादी, निघाल्याची तारीख आणि कारखान्याचे ठिकाण ऑक्टोबरमध्येच लिहून मुख्यसेविकेच्या सहीने प्रकल्प कार्यालयाला कळवावी, आणि जाणाऱ्या प्रत्येक आईजवळ मुलाच्या वजनाच्या व लसींच्या नोंदीची प्रत द्यावी, म्हणजे तोडीच्या फडाजवळच्या अंगणवाडीत तिला ती दाखवता येईल.